नवे टायर, बॅलन्सिंग ‘ओके’, तरी ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतंय?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. चारी टायर नवे टाकले, त्याच दिवशी बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाक समतोल करणं) आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) करून घेतलं, बिलही बऱ्यापैकी झालं. घाटकोपर ते ठाणे, गर्दीच्या वेळी गाडी छान चालते. मग एखाद्या रविवारी लोणावळ्याला निघावं, कळंबोली सोडून एक्स्प्रेसवेला लागावं, आणि काटा ऐंशीच्या पुढे सरकला की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं. नव्वदच्या आसपास सगळ्यात जास्त, शंभरला पुन्हा थोडं कमी. सोमवारी टायरवाल्याकडे जावं तर तो चाकं काढून मशीनवर फिरवतो, पडद्यावरची दोन शून्यं दाखवतो आणि म्हणतो, “बघा साहेब, एकदम ओके. रस्ताच खराब असेल.” आठवडाभर बरं वाटतं. मग पुन्हा तेच.

माझं स्पष्ट मत आहे: थरथर दुसऱ्यांदा परत आली की तिसरं बॅलन्सिंग मागू नका. मशीनवरचं शून्य खोटं नसतं, पण ते एवढंच सांगतं की हे चाक या शाफ्टवर, असं धरलं असता समतोल आहे. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक नटांनी ज्यावर बसतं त्या भागावर, ते त्याच मध्यावर आणि तितकंच सपाट बसलंय का, हे मशीनला कळायला काही मार्ग नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या थरथरीचं कारण बहुतेक वेळा या दोन ठिकाणच्या बसण्यातल्या फरकात असतं.

फरक किती बारीक असू शकतो याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. १८५/६५ आर १५ मापाचं टायर लोखंडी रिमसकट धरलं तर चाकाचं वजन साधारण सोळा किलो भरतं. हे चाक मध्यापासून फक्त ०.२ मिमी, म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीएवढं, सरकून बसलं तरी रिमच्या कडेला सतरा ग्रॅमचा तुकडा चिकटवल्याइतका असमतोल होतो. आणि ग्रॅमला हसू नये. कडेला तीस ग्रॅमचा फरक असेल तर शंभरच्या वेगाला चाकाला सेकंदाला चौदा वेळा, प्रत्येक वेळी साडेचार-पाच किलोचा हिसका बसतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पन्नासला तो पाव होतो आणि स्टीअरिंगपर्यंत पोचतच नाही. मुंबईत हा दोष महिनोन्महिने लपून राहतो तो यामुळेच. इथे पन्नासच्या वर जायला मिळतंय कुठे?

आधी ती थरथर कुठली ते ओळखा

टायरवाल्याकडे जाण्याआधी एकदा पहाटे नीट चालवून बघा. अटल सेतूवर किंवा एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात शंभरची मर्यादा आहे, तेवढं पुरतं. कोस्टल रोडवर सरळ भागात ऐंशीपर्यंतच परवानगी आहे. तिथे सुरुवात जाणवेल, पण खात्री होणार नाही. गुळगुळीत डांबर मिळालं तर उत्तम. काँक्रीटच्या रस्त्याला स्वतःचा गुणगुणाट असतो, सांध्यांचे ठोकेही असतात. तो आवाज आहे, थरथर नाही. शंका असेल तर थोडा वेळ संगीत, एसी आणि शेजारच्याच्या गप्पा तिन्ही बंद ठेवा.

थरथर स्टीअरिंगमध्ये असेल तर आधी पुढची चाकं तपासायची. सीटखाली किंवा पाठीला जाणवत असेल आणि स्टीअरिंग शांत असेल, तर मागची. ती फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर टायरवाल्याचा पिच्छा सोडा, डिस्क दाखवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येऊन पाय काढताच जात असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा संशयित. आणि तीस-चाळीसलाच गाडी डुलत असेल, म्हणजे स्टीअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे झुलत असेल, तर तो बॅलन्सिंगचा विषयच नाही. एवढ्या कमी वेगाला असमतोल जाणवत नाही. रिम वाकली असेल किंवा टायर गोल नसेल.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती वेगळी तक्रार. तिथे अलाइनमेंटचा संबंध येतो, थरथरीशी अलाइनमेंटचा संबंध जवळजवळ नसतो. तरी थरथर सांगितली की अलाइनमेंटची पावती फाडणारी दुकानं पुष्कळ आहेत. अलाइनमेंट करूनही गाडी ओढतेच, तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरमध्ये आहे. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका.

एक साधी गोष्ट राहून जाते: हवा. टायर चढवताना कडा रिमवर नीट बसावी म्हणून दुकानात पस्तीस-चाळीस पीएसआयपर्यंत हवा भरतात आणि घाईत ती उतरवायची विसरतात. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा खरा, तोही टायर थंड असताना. सोसायटीत दोन-तीन आठवडे उभी राहिलेली गाडीही पहिली काही किलोमीटर धडधडते, कारण टायर खालून चपटं झालेलं असतं. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये ते जात असेल तर विसरून जा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अवजाराशिवाय

उजेडात खाली बसून चारी चाकं बघा. माप चारींवर सारखं आहे का, आणि मापानंतरचा आकडा-अक्षर (उदाहरणार्थ ८८ एच, म्हणजे टायर किती वजन आणि वेग पेलतं ते) गाडीच्या पुस्तकात दिलंय त्यापेक्षा कमी तर नाही ना. तारखेचे चार आकडे एका लंबगोलात असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. काही टायरांवर हे आकडे एकाच अंगाला असतात. ते आतल्या बाजूला गेले असतील तर मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकावं लागेल. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच हवी, आणि बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला. बाणवाली टायरं डावी-उजवी उलटी चढवण्याचा प्रकार दिसतो तितका दुर्मीळ नाही.

आता महत्त्वाचं. टायरच्या अंगावर, रिमच्या कडेला लागूनच, एक बारीक उंचवट्याची गोल रेघ असते. ती साच्यातूनच आलेली असते आणि तिचं काम एकच: टायर रिमवर सारखं बसलंय का ते दाखवणं. बोटाचं टोक रिमच्या कडेला टेकवून त्या रेघेवरून चाकाभोवती पूर्ण फिरवा. सगळीकडे अंतर सारखं लागलं पाहिजे. एका जागी रेघ रिमखाली गडप होत असेल आणि समोरच्या बाजूला वर येत असेल, तर टायरची कडा तिथे खाचेत उतरलेलीच नाही. असं चाक मशीनवर खुशाल शून्य दाखवतं. कारण वजनं लावून जडपणा भरून काढता येतो, गोलपणा नाही. उपाय सोपा आहे: हवा काढायची, कडा सोडवायची, टायरची पेस्ट किंवा साबणाचं पाणी नीट लावून पुन्हा भरायची. ‘टप्प’ असे दोन आवाज आले पाहिजेत. चाळीस पीएसआयपर्यंत हवा भरूनही कडा बसत नसेल तर आणखी भरू देऊ नका, तिथे माणसं जखमी होतात.

मग वजनं. लोखंडी रिमला ती कडेला ठोकलेली असतात, अलॉयला आतून चिकटवलेली. रिमवर कुठे स्वच्छ चौकोनी डाग दिसला, भोवती धूळ आणि मध्ये चकचकीत जागा, तर तिथलं वजन पडलंय. ‘आठवडाभर बरं, मग पुन्हा’ या तक्रारीचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि दोष वजनाचा नसतो. रिम पुसली नाही, ब्रेकच्या काळ्या भुकटीवरच पट्टी दाबली, की ती पहिल्या पावसात निघते.

मशीनपाशी उभं राहून काय बघायचं

शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. पाच गाड्या रांगेत असताना कुणी तुमच्या चाकाला वीस मिनिटं देणार नाही, आणि त्यात त्या पोराचाही दोष नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, सांगा की “दादा, थरथर परत आलीय, जरा चाक लावताना बघू द्या.” बहुतेक जण बघू देतात. जो “आत यायला परवानगी नाही” म्हणतो त्याच्याकडे निदान काचेतून तरी दिसत असावं.

चाक मशीनवर जाण्याआधी जुनी सगळी वजनं निघाली पाहिजेत आणि रिमची आतली बाजू धुतली किंवा खरवडली गेली पाहिजे. शहरात जागोजागी रस्त्यांची आणि मेट्रोची कामं चालू असतात. तिथला ओला राडा रिमच्या आतल्या पन्हळीत बसतो आणि वाळला की दगड होतो. तीस-चाळीस ग्रॅमचा असा ढेकूळ असताना मशीन त्याच्यासकट समतोल साधतं. मग तो एखाद्या खड्ड्यात गळून पडतो आणि समतोल गेला.

चाक शाफ्टवर मध्यात धरायला लोखंडी कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा, असतो. तो रिमच्या मधल्या भोकाच्या मापाचा हवा, आणि शक्यतो हबला टेकणाऱ्या बाजूने, म्हणजे आतून लावायचा, कारण ते भोक तिथे नेमकं कापलेलं असतं. गाडीवरही चाक त्याच कडेने मध्यात येतं. हाताला येईल तो कोन बाहेरून घालून नट आवळणं हा सर्रास चालणारा शॉर्टकट आहे. त्यानंतर मशीनला तीन मापं द्यायची असतात: मशीनपासून रिमचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. आधीच्या गाडीची मापं तशीच ठेवली तर मशीन बरोबर मोजतं पण वजन चुकीच्या जागी लावायला सांगतं.

आता जी एक गोष्ट आवर्जून करायला लावावी ती. शून्य-शून्य आलं की चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळा आणि फिरवा. चाक खरंच मध्यावर बसलं असेल तर आकडा शून्याच्या आसपासच राहील, पाचच्या आत. दहा-पंधरा ग्रॅम दाखवू लागलं तर आधीचं शून्य काही कामाचं नव्हतं: कोन चुकलाय, शाफ्टवर घाण आहे किंवा मशीनच घासलंय. या कामाला दोन मिनिटं लागतात, फुकट होतं, आणि दुकान कसं आहे ते बिल भरण्याआधी कळतं. बऱ्याच मशीनवर पाच ग्रॅमच्या आतला फरक शून्य म्हणूनच दिसतो. खरा आकडा बघायचं बटण वेगळं असतं, ते दाबायला सांगा.

एकाच चाकाला वजनांची माळ लागत असेल, साठ-सत्तर ग्रॅमच्या वर, तर तिथेच थांबवा. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवलं की वजन पुष्कळदा निम्म्यावर येतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची सगळ्यात हलकी बाजू, ती व्हॉल्व्हच्या रेषेत, त्याच्या लगत आणायची. ठिपका धुवून गेला असेल तर हरकत नाही, मशीन आहेच. टायरमध्ये पंक्चरचं द्रव सीलंट घातलं असेल तर मात्र प्रत्येक फेरीला आकडा बदलत राहील. ते द्रव चाक थांबलं की खाली साचतं. त्याचं बॅलन्सिंग होत नाही, टायर उतरवून पुसावंच लागतं.

हब, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

माझ्या मेव्हण्याच्या गाडीची थरथर तीन दुकानांत गेली नाही. चौथ्या ठिकाणी एका वयस्क मिस्त्रीने चाक मशीनवर नेलंच नाही. बाजूला टेकवून ठेवलं आणि हबच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. चेहराभर तांबडा गंज, आणि एका नटाच्या बोल्टाजवळ खवला उठलेला. रिमच्या मागच्या बाजूला त्याच जागी त्याचा ठसा उमटला होता. त्याने तारेचा ब्रश फिरवला, पॉलिश पेपर मारला, रिमचं मधलं भोकही आतून साफ केलं, चाक लावलं. मशीनचं बटण दाबलं नाही. थरथर गेली.

यात चमत्कार काही नाही. हबचा चेहरा साधारण चौदा सेंमी व्यासाचा, पंधरा इंची रिम अडतीस सेंमीची. हबवर अर्ध्या मिलिमीटरचा खवला असेल तर चाक रिमच्या कडेला त्याच्या पावणेतीन पट, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून जास्त डुलतं. आपल्याकडे खारी हवा आहेच, वर पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून एकदा गाडी गेली की हब गंजायला निमित्त मिळतं. नवे टायर घालताना हब घासायला सांगा. हवं तर वर अगदी पातळ ग्रीस, बोल्टांच्या आट्यांवर मात्र नाही.

बाहेरून घेतलेली अलॉय असतील तर आणखी एक पेच. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं, बहुधा ७३ मिमीच्या आसपास असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांचा हब ५४ ते ५७ मिमीचा. मधली पोकळी भरायला प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग यायला हवी. टायर बदलताना ती चाकाबरोबर निघते, जमिनीवर पडते आणि झाडून जाते. कंपनीच्या चाकांना हा प्रश्न नसतो.

नट आवळण्याबद्दल थोडक्यात: गाडी जॅकवर असताना सगळे नट हाताने बसवायचे, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, गाडी खाली घेतल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, शेवट करायचा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना बहुधा शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास. गन लावून एकेक नट क्रमाने ‘टर्रर्र’ केला तर चाक एका बाजूला कलून बसतं, आणि असमान ताणाने डिस्कही वाकडी होते, म्हणजे पुढे ब्रेकची थरथर.

तरीही परत आली तर

टायर रिमवर सरकण्याची शक्यता फारसं कुणी धरत नाही. चढवताना लावलेलं साबणपाणी पहिल्या दिवशी ओलंच असतं. त्याच दिवशी जोरात ब्रेक मारले की टायर रिमवर थोडं फिरतं आणि जिथे वजनं लावली ती जागा चुकते. म्हणून बॅलन्सिंग झाल्या झाल्या व्हॉल्व्हच्या रेषेत टायर आणि रिम या दोघांवर खडूची किंवा रंगाच्या पेनची एक सलग रेघ ओढा. थरथर परत आली आणि रेघेची दोन टोकं जुळत नसतील, तर कारण सापडलं. पहिला दिवस सांभाळून चालवायचा. नवं रबर तसंही सुरुवातीला पूर्ण पकड देत नाही.

रेघ जागेवर आहे, वजनं जागेवर आहेत, हब स्वच्छ आहे, तर मग रिम किंवा टायर. चाक जॅकवर उचला, शेजारी विटेवर एक पेन आडवं ठेवून त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब ठेवा आणि चाक हाताने फिरवा. फट एक-दीड मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलीय. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांची ही देणगी अनेकांकडे असते. मग पेन टायरच्या नक्षीवर धरून तेच करा. रिम सरळ आणि टायर उचकत असेल तर टायर सदोष. नक्षीखाली एखादी जागा फुगलेली दिसली तर आतले पट्टे सुटलेत, त्या टायरवर एक्स्प्रेसवेला अजिबात जाऊ नका.

जॅक लावायचा नसेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून तोच रस्ता, तोच वेग. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकाबरोबर फिरला, गाडीत नाही. बदल झालाच नाही तर टाय रॉड, बॉल जॉइंट, बेअरिंग बघायची वेळ आली. नव्या टायरने ती झीज निर्माण केलेली नसते, फक्त उघडी पाडलेली असते.

टायर सदोष निघालं तर कंपनीची वॉरंटी निर्मितीतल्या दोषाला असते. दावा डीलरमार्फत करायचा, टायर जितकं कमी झिजलेलं तितकं बोलणं सोपं. म्हणून बिलावर चारी टायरांचा मॉडेल आणि तारखेचा आकडा लिहून घ्या आणि बॅलन्सिंगचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्यायचे आहेत, ते मात्र कुठल्याही दुकानात दोन मिनिटांत होतं.